खेळणं पाप आहे का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



२०२५च्या पावसाळ्यातली, एका शनिवार रात्रीची गोष्ट. जेवणं आटोपली होती. बाहेर झड लागलेली. मी ओसरीवर एकटाच बसलो होतो. माझा नातू अकरावीला आहे, रोज ओझरहून नारायणगावला कॉलेजला जातो. तो शेजारी येऊन बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आजोबा, उद्या प्रभुभोजन आहे. मी घेऊ की नको?"

आम्ही ख्रिस्ती. प्रभू येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर भाकरी आणि द्राक्षारस घेतला, त्याची आठवण म्हणून मंडळी एकत्र जमून तेच घेते. त्याला आम्ही प्रभुभोजन म्हणतो. आमच्या मंडळीत ते महिन्यातून एकदा असतं. दृढीकरण झालेल्या मुलाने ते घेऊ नये, असं काय घडलं होतं?

मग सगळं बाहेर आलं. मे महिन्यात तो तरुणांच्या एका शिबिराला गेला होता. तिथे आलेल्या एका पाहुण्या वक्त्याने सांगितलं, की मोबाइलवरचे मारामारीचे खेळ हे सैतानाचं काम आहे, खरा ख्रिस्ती मुलगा त्यांना हात लावणार नाही. ज्यांना सोडायचे आहेत त्यांनी पुढे यावं. नातू पुढे गेला, सगळ्यांसमोर वचन दिलं आणि घरी येऊन त्याने मोबाइलमधून खेळ काढून टाकला. बारा दिवस निभावलं. तेराव्या दिवशी खेळ पुन्हा आला, पण या वेळी गोधडीखाली, कानात इअरफोन घालून, आम्ही झोपल्यावर. "वचन मोडलं, आणि आई विचारते तेव्हा अभ्यास करत होतो म्हणून सांगतो," तो म्हणाला. "असा मी त्या मेजाजवळ कसा येऊ?"

मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. "सकाळी बोलू," एवढंच म्हणालो. सकाळी घाईत बोलणं राहून गेलं. उपासनेत सगळे उठून पुढे गेले आणि तो बाकावरच बसून राहिला. मी परत वळलो तेव्हा त्याची खाली घातलेली मान दिसली. पुढच्या प्रभुभोजनाला महिना होता. त्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून जे वाचलं, जे बोललो, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. प्रश्न ख्रिस्ती घरातला आहे, पण गोधडीखालचा उजेड कोणत्या घरात नाही?

आधी माझीच एक गोष्ट सांगतो, कारण नातवालाही मी तीच आधी सांगितली. आमच्या भागात मिशनचं काम जुनं. चर्च मिशनरी सोसायटी जुन्नरला एकोणिसाव्या शतकातच आली होती. माझे वडील मिशनच्या शाळेत शिकलेले, शिस्तीचे. वर्ज्य गोष्टींची त्यांची यादी ठरलेली: तमाशा, सिनेमा, पत्ते आणि जत्रेतला बैलगाडा. आता नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. अशा गावाशेजारी राहून तमाशा बघायचा नाही, म्हणजे नदीकाठी राहून पाण्याकडे बघायचं नाही. पंधरा वर्षांचा असताना मी चोरून विठाबाई नारायणगावकरांचा तमाशा बघितला. वडिलांना सांगितलं, मित्राकडे अभ्यासाला गेलो होतो. त्यांनी विश्वास ठेवला. त्यांचं ते विश्वास ठेवणं मला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिलं. तमाशा मात्र कधीच टोचला नाही. त्याच विठाबाईंचा पुढे राष्ट्रपतींकडून सन्मान झाला, तेव्हा वडील हयात नव्हते.

हे ऐकून नातू पहिल्यांदा हसला. मग मी पवित्र शास्त्र काढलं.

बायबलमध्ये व्हिडिओ गेमबद्दल काही असण्याचा प्रश्नच नाही. खेळाबद्दल मात्र आहे, आणि ते चांगलं आहे. जखऱ्या संदेष्ट्याला उद्‌ध्वस्त झालेलं यरुशलेम पुन्हा वसलेलं दिसतं. त्या सुखाची खूण काय, तर म्हातारी माणसं काठी टेकत चौकात बसली आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेले आहेत. देव नगराला आशीर्वाद देतो तेव्हा तिथली मुलं खेळतात! प्रेषित पौलालाही मैदान परकं नव्हतं. ग्रीसमधल्या करिंथ शहराजवळ ऑलिंपिकसारखेच मोठे सामने भरत. तिथल्या मंडळीला पत्र लिहिताना पौल धावण्याच्या शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दाखला देतो.

करिंथकरांचं हे पहिलं पत्र आम्ही महिनाभर वाचलं, कारण आमच्या प्रश्नाची किल्ली त्यातच सापडली. करिंथमध्ये भांडण लागलं होतं ते खाण्यावरून. शहरातल्या देवळांत वाहिलेलं मांस नंतर बाजारात येई, शेजाऱ्यांच्या पंगतीतही येई. ख्रिस्ती माणसाने ते खावं का? काही म्हणत, खाल्लं तर काय बिघडलं? काहींचं मन त्याने कातरे.

ओझरला राहणाऱ्या ख्रिस्ती घराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. अष्टविनायकांतला विघ्नेश्वर आमच्या गावात आहे. चतुर्थीला गाव माणसांनी फुलून जातं आणि शेजारच्या काकू वाटीतून मोदक घेऊन येतात. माझ्या आजीच्या मनात प्रसाद घ्यावा की न घ्यावा याची घालमेल असे. ती तो घेई, डोक्याला लावत नसे, पण शेजारणीचा हात कधी रिकामा परत पाठवत नसे. माझी आई घेई आणि आनंदाने खाई. एका घरात दोन रीती, आणि दोघी प्रार्थनेला शेजारी शेजारी बसत.

पौलाने करिंथकरांना साधारण हेच सांगितलं. खाण्याने माणूस देवाच्या जवळ जात नाही आणि न खाण्याने दूरही जात नाही. मोकळीक आहे. पण त्या मोकळिकीला त्याने काही प्रश्न जोडले. मला मोकळीक आहे खरी, पण ही गोष्ट हिताची आहे का? तिच्याने माझं आणि इतरांचं मन घडतं का? मी तिच्या ताब्यात तर जात नाही ना? आणि माझ्या मोकळिकीमुळे एखाद्या दुबळ्या मनाच्या भावाला ठेच तर लागत नाही ना? लागत असेल, तर आपण मांस कायमचं सोडू, असं तो म्हणतो. "पाप आहे का?" या एका प्रश्नाचे त्याने असे चार प्रश्न केले. "हो" किंवा "नाही" ऐकून ते सुटत नाहीत. ज्याचे त्याला तपासावे लागतात.

खेळांविषयी धर्माने कान उपटणं ही काही आजची गोष्ट नाही. १०६१च्या सुमारास इटलीत कार्डिनल पीटर डेमियन यांनी फ्लॉरेन्सच्या बिशपना खडसावलं होतं. अपराध काय, तर प्रवासात मुक्कामाला असताना बिशप बुद्धिबळ खेळले. बिशप म्हणाले, फाशांचा जुगार वेगळा आणि बुद्धिबळ वेगळं. कार्डिनलना ते पटलं नाही. आज एखाद्या पाळकाने मुलांना बुद्धिबळ शिकवलं तर आपण त्याचं कौतुक करतो.

त्यानंतर दोनशे वर्षांनी थॉमस अक्विनास या थोर धर्मपंडिताने मात्र लिहिलं, की शरीराला जशी झोप तशी मनाला खेळाची विश्रांती लागते, आणि बेताने खेळणं हा सद्‌गुणच आहे. त्याने एक जुनी कथा दिली आहे. प्रेषित योहान शिष्यांबरोबर खेळत असताना कोणी तरी नाक मुरडलं. योहानाने त्याला धनुष्य ओढायला सांगितलं आणि विचारलं, "असं सतत ताणून ठेवता येईल?" तो म्हणाला, "नाही, मोडेल." योहान म्हणाला, मनाचंही तसंच आहे.

आपल्या मातीतही खेळ आणि धर्म यांचं वैर नव्हतं. सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. सद्‌गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि शेवटी मोक्ष. कवड्या टाकता टाकता मुलांना काय वर नेतं आणि काय खाली ओढतं ते कळावं, ही योजना. हाच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला गेला आणि तिथल्या पटावर काटकसर, पश्चात्ताप, उद्योग या ख्रिस्ती घरांत शिकवल्या जाणाऱ्या गुणांच्या शिड्या लागल्या.

मग नुसतं धर्माचं लेबल लावलं की खेळ पवित्र होतो का? तसंही नाही. अमेरिकेत १९९२ साली 'वुल्फेनस्टाइन ३डी' नावाचा नाझींना गोळ्या घालण्याचा खेळ गाजला. पुढे विस्डम ट्री या कंपनीने त्याच खेळाचा सांगाडा घेऊन १९९४मध्ये नोहाच्या तारवाचा खेळ काढला. बंदुकीच्या जागी गलोल आणि गोळीच्या जागी दाणापाणी. नोहा जनावरांच्या अंगावर खाऊ फेकून त्यांना झोपवतो. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे गोळ्याच घालतोय की!" मुलांना फसवणं सोपं नसतं.

आता त्या पाहुण्या वक्त्याच्या आक्षेपांकडे येऊ. ते सगळेच खोटे आहेत असं मी म्हणत नाही.

पहिला आक्षेप हिंसेचा. माझा नातू खेळतो त्या खेळात शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो किंवा जो गट उरेल तो जिंकतो. त्याचं मूळ नाव पब्जी. सुरक्षेच्या कारणावरून भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ मोबाइल ॲपवर बंदी घातली, त्यात ते होतं. २०२१च्या जुलैत तो खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, २०२२च्या जुलैत पुन्हा गेला आणि २०२३च्या मे महिन्यात पुन्हा आला. असे खेळ खेळून मुलगा खुनी होतो का? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेने २०२०मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली. प्रत्यक्ष हिंसाचाराचं कारण म्हणून व्हिडिओ गेमकडे बोट दाखवायला पुरेसा पुरावा नाही, पण आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी हिंसक खेळांचा थोडासा पण खात्रीचा संबंध दिसतो, असं तिने सांगितलं. म्हणजे भुताची भीती नको आणि बेफिकिरीही नको.

पण श्रद्धेचा प्रश्न याहून आतला आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात अलिपियस नावाच्या मित्राची हकिकत सांगितली आहे. रोममध्ये तलवारबाजांच्या जीवघेण्या झुंजी चालत. अलिपियसला त्यांची किळस होती. मित्र त्याला ओढून घेऊन गेले. शरीर इथे बसेल, डोळे मिटलेले राहतील, असं त्याने ठरवलं. एवढ्यात गर्दीतून प्रचंड आरोळी उठली. कुतूहलाने त्याने डोळे उघडले, आणि समोरचं रक्त बघून त्याला त्याचीच धुंदी चढली. पुढे तोच दुसऱ्यांना ओढून न्यायला लागला. तिथे मरणारी माणसं खरी होती आणि पडद्यावरची चित्रं आहेत, हा फरक फार मोठा आहे, तो विसरून चालणार नाही. तरी ऑगस्टीन यांचं निरीक्षण उपयोगी पडतं. आपण काय बघतो, एवढ्यावर थांबू नये. ते बघताना आपल्याला कशात गोडी वाटते, ते तपासावं. मी नातवाला विचारलं, "तुला मजा कशात येते?" तो विचार करून म्हणाला, "आम्ही चौघं मित्र बोलत बोलत खेळतो. एकाला लागलं की दुसरा जाऊन त्याला उठवतो." हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मग म्हणाला, "पण हरलो की मी घाण शिव्या देतो. तेवढं मला आवडत नाही." त्याची परीक्षा त्यानेच केली होती.

दुसरा आक्षेप देवाच्या आणि पवित्र गोष्टींच्या अवमानाचा. हाही हसण्यावारी न्यायचा नाही. इंग्लंडमधलं मँचेस्टरचं कॅथीड्रल सोनी कंपनीच्या एका युद्धाच्या खेळात हुबेहूब उभं केलं होतं आणि त्याच्या आत गोळीबार होता. २००७मध्ये तिथल्या चर्चने जाहीर निषेध केला. त्या शहरात खऱ्या बंदुकांनी तरुण मुलं मरत होती, आणि हेच कॅथीड्रल त्याविरुद्ध काम करत होतं. कंपनीने माफी मागितली, खेळ मात्र विकला जात राहिला. २०१२मध्ये 'स्माइट' या अमेरिकी खेळातल्या कालीमातेच्या चित्रणावर तिथल्या हिंदूंनी आक्षेप घेतला. दुखणं कोणा एका धर्माचं नाही. अशा वेळी पौलाचा चौथा प्रश्न मला आठवतो. माझ्या करमणुकीने शेजाऱ्याच्या मनाला जखम होत असेल, तर ती करमणूक सोडायला मला जड का जावं? पण खेळात सैतान, राक्षस किंवा ग्रीक देव आले म्हणून खेळणारा त्यांचा भक्त होतो, हे मला पटत नाही. तसं असेल तर रामलीलेत रावणाचं काम कोणी करायचं?

तिसरा आक्षेप ताब्यात जाण्याचा. माझ्या मते खरा विरोध इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं आहे. ती यादी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. खुणा तीन. खेळण्यावर ताबा राहत नाही. जेवण, झोप, अभ्यास, माणसं या सगळ्यांआधी खेळ येतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. हे साधारण वर्षभर टिकलं आणि त्याने घर, शिक्षण, कामधंदा बिघडला, तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. सुट्टीत चार दिवस जास्त खेळलेल्या मुलाला रोगी ठरवू नये, आणि खरोखर आजारी असलेल्या मुलाला पापी ठरवून नुसतं प्रार्थनेला बसवू नये. त्याला डॉक्टरकडे न्यावं. प्रार्थना वाटेत करता येते.

ताबा कसा जातो तेही समजून घेतलं पाहिजे, कारण सगळा दोष मुलाचा नसतो. रोज खेळ उघडला की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटते. बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. त्यासाठी पैसे मोजायचे. बेल्जियमने २०१८मध्ये अशा पेट्या जुगारच ठरवल्या. शिवाय हे खेळ मध्येच थांबवता येत नाहीत. सूनबाई "जेवायला चल" म्हणून हाक मारते तेव्हा डाव निम्म्यावर असतो. उठला तर तिघा मित्रांना तोंडघशी पाडतो, नाही उठला तर आईला. आमच्या घरातली निम्मी भांडणं एवढ्यावरून होती. आता ती आधी विचारते, "डाव किती राहिला?" तो सांगतो, "पंधरा मिनिटं." त्यानंतर नवा डाव नाही. घर शांत झालं.

पैशांच्या खेळांबद्दल मात्र मी नातवाला एकही पळवाट ठेवली नाही. ख्रिस्ती माणसाला जुगाराची शिसारी यायचं एक वेगळं कारण आहे. वधस्तंभावर येशू मरत असताना खाली शिपाई त्याच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकत बसले होते. शेजारी जीव जातोय आणि आपलं लक्ष मिळकतीवर, हे जुगाराचं रूप आहे. संसदेने २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि मोठ्या कंपन्यांनी ते खेळ बंद केले. कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि साधे खेळ वेगळे ठेवले आहेत. हजार वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सचे बिशप जो फरक सांगत होते, तोच हा.

एवढं सगळं बोलून झाल्यावर एके संध्याकाळी मी नेहमीचं वाक्य टाकलं, "त्यापेक्षा बाहेर जाऊन खेळावं." नातू म्हणाला, "कुठे, आजोबा?" मी गप्प झालो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या आमच्या पट्ट्यात उसाच्या रानात बिबटे वाढतात. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, तरी रानातले बिबटे रानातच आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत मुलांचे जीव गेले. दिवस मावळला की आमच्याकडे आया मुलांना घरात ओढून घेतात आणि दार लावतात. मुलगा कॉलेजातून येतो तेव्हा उजेड संपत आलेला असतो. मग दाराच्या आत त्याने मित्रांना भेटायचं कसं? त्या चौघांचं मैदान मोबाइलमध्ये गेलं, त्याला असंही कारण आहे. जखऱ्याच्या दर्शनातले मुलांनी भरलेले रस्ते आम्ही मोठ्यांनी त्याला दिले नाहीत आणि वर त्याला विचारतो, मोबाइल का बघतोस? तेव्हापासून रविवारी दुपारी, लख्ख उजेडात, आम्ही पाच-सहा घरांची मुलं जमवतो आणि मोठ्यांपैकी दोघे राखणीला बसतात. व्हॉलीबॉलची जाळी लावली आहे. शेजारच्या काकूंचा नातूही येतो.

याच काळात, ७ सप्टेंबर २०२५ रोजी, रोममध्ये पोप लिओ यांनी कार्लो अक्युटिस या मुलाला संत घोषित केलं. १९९१ साली जन्मलेला, मिलानमध्ये वाढलेला हा मुलगा २००६मध्ये, पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याला संगणकाचं वेड होतं. प्रभुभोजनाशी जोडलेल्या चमत्कारांची माहिती देणारं संकेतस्थळ त्याने बनवलं. आणि तो प्लेस्टेशनवर खेळायचा. आपण त्याच्या ताब्यात जाऊ नये म्हणून त्याने स्वतःलाच आठवड्याला एक तास घालून दिला होता. आम्ही कॅथलिक नाही, संतपदाची रीत आमच्याकडे नाही. तरी नातवाला मी तो फोटो दाखवला, जीन्स आणि बूट घातलेला. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "त्याला कोणी सांगितलं नव्हतं, एक तास खेळ म्हणून?" मी म्हणालो, "नाही. त्याचं त्याने ठरवलं."

माझं म्हणणं एवढ्यावर येतं. व्हिडिओ गेम खेळणं आणि ख्रिस्तावर श्रद्धा असणं यांत मुळात विरोध नाही. विरोध तेव्हा येतो, जेव्हा खेळ धनी होतो आणि माणूस चाकर, जेव्हा खेळामुळे आपण आईशी खोटं बोलतो, मित्राला शिव्या देतो, शेजाऱ्याचं दुःख दिसेनासं होतं. आणि मोठ्यांनो, एक विरोध आपणही निर्माण करतो. भीती घालून, सगळ्यांसमोर वचन घेऊन आपण मुलाच्या हातून खेळ सोडवायला जातो, पण खेळ सुटत नाही. तो गोधडीखाली जातो आणि मुलगा देवापासून लांब बसतो. माझ्या वडिलांनी प्रेमापोटी केलं ते हेच, आणि नातवाच्या बाबतीतही हेच झालं.

महिना संपत आला. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री तो पुन्हा ओसरीवर आला. आता मला उत्तर ठाऊक होतं, आणि तेही त्याच पत्रात होतं. करिंथकरांना प्रभुभोजनाविषयी लिहिताना पौल म्हणतो, की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतलं खावं. परीक्षा करून घरी बसावं, असं तो म्हणत नाही. शिकवण्याच्या एवढ्या वर्षांत त्यातला "मग" मी नीट वाचलाच नव्हता.

त्या रात्री त्याने आईला सगळं सांगितलं. ती रडली, चिडली, मग त्याला वाढलं. त्याचा नियम त्याने स्वतः लिहिला: रोज एक तास, दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर. रात्री मोबाइल माझ्या उशाशी. शिवी दिली की त्या दिवशीचा खेळ बंद. तो नियम आतापर्यंत तीन वेळा मोडला आहे. तिन्ही वेळा त्याने येऊन सांगितलं.

रविवारी तो पुढे आला, माझ्या शेजारी उभा राहिला. परत येताना गाडीत म्हणाला, "आजोबा, तुम्ही एकदा खेळून तर बघा." मी खेळलो. विमानातून उतरल्यावर चौथ्या मिनिटाला मेलो.